भागूच्या घशासाठी बंगला

सोमवार, श्रावण वद्य षष्ठी, सन १९५६

घसा बसला भागूचा आणि तोंड बंद करायला सांगितलं मला. जुन्नरचा डॉक्टर म्हणाला, "अंबाबाई, तुम्ही बोललात की ही उत्तर देणार. तेव्हा दोघींनीही कामापुरतंच बोलायचं. राग आला तर लिहून काढा." मला दिवसातून किती वेळा राग येतो हे त्या माणसाला ठाऊक नाही. दोन इयत्ता शिकले, तेवढ्यावर लिहिते. चुकलं तर चुकलं, वाचणार कोण.

भागू माझ्या मेलेल्या बहिणीची पोर. वारूळवाडीला आमचा तमाशाचा फड आहे. मालकीण मी, पण फड चालतो तो तिच्या गळ्यावर. दसऱ्याला जुन्नरात पहिला खेळ धरलाय, सुपारी घेऊन बसलोय, आणि नागपंचमीपासून पोरगी कुजबुजल्यागत बोलते. तिचा आवाज गेला तर फड बसला. सगळी माणसं आपापल्या घरी जातील आणि ती काय करील? तिला गाण्याशिवाय काही येत नाही. मला तर आता तेही येत नाही. वरचा सूर लावला की डोळ्यांपुढं काजवे चमकतात. वयाचं असतं.

डॉक्टरानं तिच्या घशात बॅटरी मारली ती एवढीशी. मग माझ्याच दंडाला पट्टा बांधून फुगवला. म्हटलं, घसा तिचा आहे. तर म्हणतो, रक्ताचं नातं आहे, बघावं लागतं. दोनदा फुगवला. मग गेणभाऊला ओसरीवर नेऊन बराच वेळ बोलत बसला. गेणभाऊ आमचा सोंगाड्या, फडात माझ्याआधीपासून आहे. आत आला तो तोंड पाडून.

"काय म्हणाला?"

"भागूच्या घशाला मीठ बंद."

"मग तुमचं तोंड का आळणी झालं?"

"बाई, एका चुलीवर दोन कालवणं कशी व्हणार? आपल्या समद्यांनाच बंद."

घसा धरला तर मिठाच्या गुळण्या करतात हे मला दोन इयत्तांवरही ठाऊक होतं. पण शिकलेल्या माणसाशी वाद घालायचा तर बोलावं लागतं.

गुरुवार

डॉक्टराचं म्हणणं, महिनाभर समुद्राकाठी राहा. जागा शांत पाहिजे. जिना नको, चढ नको, भांडण नको. जिन्यानं घसा कसा बसतो ते विचारायला भागूला पुढं केलं, तर तिनं हातानंच खूण केली, की जाऊ दे. खुणेतसुद्धा पोरीची अदा बघावी.

गेणभाऊ म्हणाला, धर्मशाळा बघू. मी म्हटलं, अजिबात नाही. उभा जन्म राहुटीत काढला. गावोगावच्या चावड्या झाल्या, देवळाचे पार झाले, एका जत्रेत तर कडब्याच्या गंजीआड बिऱ्हाड होतं. आता औषध म्हणून राहायचं आहे तर चांगल्यात राहीन. वैद्यानं सोन्याचं भस्म सांगितलं तर आपण पितळ उगाळतो का?

शेजारची ठमाबाई कुंपणावरून ओरडली, "का गं अंबे, सायबिणीवाणी हवा खायाला निघालीस व्हय?" मला बोलायची बंदी, म्हणून मी तिच्याकडं नुसतं बघितलं. मग भागूच्या घशापायी राग गिळून घरात शिरले आणि पाणी प्यायले. मला पाहिजे तेव्हा बोलता येत नाही हे लई वाईट दुखणं आहे, आणि ते माझं नाहीच.

रविवार

जुन्नरहून चांदभाई आले. हिरड्याचे व्यापारी. त्यांचा माल मुंबईला जातो, त्यामुळं शेठलोकांत उठबस आहे. म्हणाले, "अलिबागेच्या बाजूला तीन बंगले हायेत. शेठ फक्त उन्हाळ्यात येतात. तिन्ही दाखवायची जबान घेऊन आलोय. पसंती तुमची."

मी विचारलं, "त्यांना सांगितलं का आम्ही कोण?"

"घशाचा पेशंट सांगितला."

"अर्धंच सांगितलंत."

"बाकीचं तुमी सांगितल्याबिगर ऱ्हाणार हाय का?" म्हणून हसले.

आज गोठ्यामागं न्हाताना भागू गुणगुणत होती. स्वच्छ सूर. मी कान दिला तर मला बघून थांबली आणि जोरात खोकली. अधूनमधून असा सूर येतो म्हणजे गळा मेलेला नाही. माझ्या जिवाला बरं वाटलं.

नव्या वहाणा आवळायला लागल्यात. संध्याकाळी पट्ट्याचा वळ पायावर उठतो. बनवणाऱ्यानं माप चुकवलं, दुसरं काय.

भाद्रपद शुद्ध षष्ठी, सोमवार

दीड दिवसाचा गणपती बोळवला आणि निघालो. भागू, गेणभाऊ, त्याची हलगी, मी आणि खेळाच्या कपड्यांची ट्रंक. गेणभाऊ म्हणाला, ट्रंक कशाला? मी म्हटलं, पावसाळा संपता संपता शालूंना ऊन द्यावं लागतं, नाहीतर जरीचा काठ काळा पडतो. हे काम मी कुणावर टाकलेलं नाही आणि टाकणार नाही.

पुण्याला गाडी बदलताना ट्रंकेला हात घातला तर भागूनं मला बाजूला ढकललं आणि स्वतः उचलली. घसा आजारी, दंड नाही, असं तिचं म्हणणं असावं.

बुधवार

पेणच्या पुढं रस्त्याकडेला मिठाचे ढीगच्या ढीग. पंधरवडा झाला आळणी खाऊन. गाडीतून उडी मारावीशी वाटली.

आज तिन्ही बंगले बघितले. घर शांत आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून मी माझी रीत काढली. फडासाठी मैदान बघतो तेव्हा गेणभाऊ शेवटच्या टोकाला उभा राहून हलगी वाजवतो. ऐकू आली तर मैदान चांगलं. इथं उलटं. गेणभाऊ कुंपणाबाहेर हलगी वाजवणार, आम्ही आत दारं लावून बसणार. जिथं ऐकू येणार नाही ते घर चांगलं.

पहिल्या घरी हलगी वाजवायची गरजच पडली नाही. शेजारी मासळीचा बाजार. तिथल्या बायका भाव करत होत्या आणि तसं भांडण मी वगातसुद्धा उभं केलेलं नाही. ऐकत राहावंसं वाटलं, पण शांत म्हणून काही ते घर चालणार नव्हतं.

दुसरं घर बघण्यासारखं. रंगीत काचा, हंड्या, झुंबर. गेणभाऊनं बाहेर हलगीवर थाप मारली तशी शेठचा दिवाणजी धावत आला. "हा काय प्रकार? तुमचा धंदा काय?"

गेणभाऊ म्हणाला, "किराणा."

मी म्हटलं, "तमाशा." बंदी गेली खड्ड्यात.

दिवाणजीनं पंच्याचं टोक नाकाला लावलं. "असल्या लोकांना हे घर मिळणार नाही. शेठजींची अब्रू आहे."

"असू द्या. पण त्या कोपऱ्यातल्या भिंतीला ओल धरलीय. अब्रूला लागायच्या आत चुना मारून घ्या." असं म्हणून बाहेर पडले. रस्त्यात मान दुखायला लागली, ठणके बसायला लागले. भागूनं मला एका ओट्यावर बसवून पाणी पाजलं आणि गेणभाऊकडं अशी बघत राहिली, जसा काही दोष त्याचाच.

मला एकदम वाटलं, परत जावं. असल्या ठिकाणी आपलं काय काम? हे फक्त इथं लिहिते.

तिसरं घर गावाबाहेर, सुरूच्या बनापलीकडं. बैठं, जिना नाही. आत गुळगुळीत लाद्या. पितळी कड्यांचा झोपाळा, त्यावर गादी. एका खोलीत पांढरंशुभ्र चिनी मातीचं, गुरांच्या पाण्याच्या डोणीएवढं भांडं, माणूस त्यात आडवं होऊन आंघोळ करतं म्हणे. दारं लावली. गेणभाऊ बाहेर घामाघूम होऊन हलगी बडवतोय हे खिडकीतून दिसत होतं, पण ऐकू आलं ते फक्त टिपटिप, कुणी बोटानं पाट वाजवल्यासारखं. सुरूची झाडं सगळा आवाज खाऊन टाकत होती. मी म्हटलं, हेच.

मग मागलं दार उघडलं. समोर वाळूचं मैदान, इतकं सपाट आणि इतकं मोठं की पाच हजार माणूस पाय पसरून बसावं. पण समुद्र नाही. लांब कुठंतरी एक चमकती रेघ.

राखणदार जानकू म्हणून आहे, म्हातारा, डोक्याला टापर बांधलेलं. त्याला म्हटलं, "समुद्राकाठचं घर सांगितलं होतं. समुद्र कुठाय?"

"गेलाय, बाय."

"कुठं?"

"आत."

"आणि परत कधी येणार?"

"सांजंला येल."

सोंगाड्याबरोबर जन्म काढलाय, टिंगल मला लगेच कळते. म्हटलं, "गुरं आहेत का तुझी, दिवसा रानात आणि सांजंला गोठ्यात?"

"तसंच म्हना की."

घर घेतलं. मैदान त्याच्याबरोबरच आलं असं मी धरलं.

गुरुवार

काल दिवेलागणीच्या आधीच डोळा लागला. असं माझं कधी होत नाही. आमचा दिवस दिवेलागणीला सुरू होतो. झोपेत वारा ऐकला, सुरूच्या झाडांत घोंगावत होता. उठले तर ऊन डोक्यावर. मैदान तसंच कोरडं. जानकूची टिंगल उघडी पडली असं वाटलं.

एवढं ऊन आणि एवढी स्वच्छ जागा सोडायची कशी? ट्रंक उघडली. सगळे शालू त्या वाळूवर ओळीनं पसरले, कडेला शिंपले ठेवले. हिरवा, अंजिरी, पिवळा, भागूचा डाळिंबी. ओटीवरून बघितलं तर मांडवच घातल्यासारखं. मग झोपाळ्यावर जाऊन पडले.

उठले ते भागूच्या पावलांनी. ती धावत होती. बाहेर आले तर समुद्र आलेला. आवाज न करता, चोरासारखा. पिवळा शालू पाण्याखाली, अंजिरी जानकूनं काखेत धरलेला, गेणभाऊ डाळिंबी ओढतोय आणि हिरवा आत तरंगत चाललाय. तो हिरवा मी पहिल्यांदा गायले त्या रात्रीचा. मी शिरले पाण्यात. गुडघे, मग कंबर. हात पुढं केला की तो हातभर पुढं. दम लागला, कानात शिट्टी वाजायला लागली आणि सगळं पिवळं दिसायला लागलं.

आणि मागून हाक आली.

"मावशे, माघारी फिर. सोड त्यो शालू. मावशे."

सुरूतले कावळे उठले. जत्रेत शेवटच्या रांगेमागं झाडावर बसलेल्याच्या कानात जाते, तसली हाक. भरलेली, गोल, कुठं खर नाही. मी जागच्या जागी उभी राहिले. शालू गेला. मी पाण्यात उभी राहून हसत होते.

एका दिवसात गुण. एका दिवसात. डॉक्टर महिना म्हणाला होता.

भागूनं मला धरून बाहेर आणलं आणि माझ्या कमरेला मिठी मारून रडत बसली. म्हटलं, वेडे, शालूसाठी कुणी रडतं का, दुसरा घेऊ. तर आणखीच रडली.

शुक्रवार

आज भागू पुन्हा कुजबुजतेय. मी विचारलं, हे काय. म्हणाली, "मावशे, ती हाक व्हती. हाकंचं येगळं आन सुराचं येगळं."

गेणभाऊनं लगेच री ओढली. "हाक मोकळी झाली, सूर अजून बांधलेला हाय. महिना पुरा करावाच लागंल, बाई." एवढं शहाणपण ह्याला कधीपासून सुचायला लागलं?

पण पटलं. अर्धवट औषध घेणाऱ्यातली मी नाही. जानकूला बोलावलं आणि म्हटलं, काल तुला खोटं धरलं, चूक माझी. म्हातारा म्हणाला, "घाटावरची मानसं तशीच करतात. मागं एकानं बैलगारीच सोरली व्हती मदी." रोज समुद्राची वेळ विचारूनच मी बाहेर पाऊल टाकणार. वेळही रोज पुढं सरकते म्हणे. असला बेभरवशाचा गडी फडात असता तर मी दुसऱ्या दिवशी काढला असता.

पौर्णिमा

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहायला राग लागतो, तो येत नाही.

सकाळी वाळूवर चालते. भागू बरोबर असते. तिला एकटीला चालायचा कंटाळा येतो म्हणून जावं लागतं. दुपारी त्या पांढऱ्या डोणीत पाणी भरून पडते. पहिल्या दिवशी लाज वाटली, मग गेली. रात्री झोपते, लोकांसारखी. भागू स्वयंपाक करते, विहिरीचं पाणीही तीच ओढते. मी उठले की म्हणते, बस. तिच्या घशापायी मीच आळशी होऊन बसलेय.

वहाणा सैल झाल्या. समुद्राच्या हवेनं कातडं वाढत असणार.

चांदभाईंनी माणसाबरोबर निरोप पाठवला, की तिकडं लोक म्हणतात अंबाबाईचा फड बुडाला, भागू मुकी झाली. दसऱ्याच्या खेळाला सरूबाईचा फड उभा करायचं चाललंय. सरूबाई मंचरची, ती टपलेलीच असते. ऐकून उठलेच होते, पण भागूनं माझा हात धरला आणि कानाशी तोंड आणून म्हणाली, "म्हनू दे. दसऱ्याला बघतील." मी बसले. आजवर असं ऐकून मी कधी बसलेली नाही.

आश्विन शुद्ध पंचमी

महिना भरत आला, उद्या निघायचं. सकाळी ओटीवर बसले होते तेव्हा भागू वाळूवर उभी राहून गायली. आलाप घेतला तो थेट वरच्या सुरापर्यंत चढवला, तिथं ठेवला आणि माझ्याकडं बघत खाली आणला. जानकू हातातला झाडू टाकून बसला. मी डोळे पुसले. मीठ बंद असलं तरी पाणी खारटच होतं.

गेणभाऊला म्हटलं, "बघा. कुणी निवडलं हे घर?"

"तुमीच, बाई. तुमच्याबिगर कुनाला जमलं असतं?" आणि लबाड माणूस तोंड फिरवून हसला. त्याला वाटलं मी बघितलं नाही. माझ्या निवडीपायी तो पहिल्या दिवशी घामाघूम झाला होता, आता खुशीनं हसतोय, एवढाच फरक.

नवमी

डॉक्टराकडं गेलो. भागूच्या घशात बॅटरी मारली न मारली, आणि पट्टा माझ्या दंडाला. ह्या वेळी फुगवून झाल्यावर खूश झाला. "छान. चांगलं उतरलंय."

"काय उतरलं?"

"सूज. घशाची."

मग पुढचं ऐकवलं, की भागूच्या गळ्याला जपायचं तर मालकिणीनं रात्रभर उभं राहायचं नाही, ओरडायचं नाही, आणि मीठ असंच कमी. असला गळा बघितला नाही मी, की ज्याची पथ्यं सगळी मावशीला. पण गुण आला आहे, तेव्हा बोलायला जागा नाही.

एकादशी, दसऱ्याचा दुसरा दिवस

कालचं लिहिलंच पाहिजे.

जुन्नरात मैदान भरलं आणि माणसं भिंतींवर चढली. निम्मे भागू मुकी झालेली बघायला आलेले. सरूबाईसुद्धा पदर सावरत पुढं येऊन बसली. मी नेहमीसारखी पडद्याआड उभी राहायला निघाले तर भागू आडवी आली. पायात चाळ, कपाळाला टिकली, अंगावर डाळिंबी शालू, खाऱ्या पाण्यानं एका काठाला जरा फिकटलेला. म्हणाली, "मावशे, तू मागं हुबी ऱ्हायलीस की माजा घसा आवळतो. पुढं जाऊन खुर्चीवर बस."

"पुरुषांत?"

"मग काय झालं? फड तुजा हाय."

बसले. अख्ख्या मैदानानं बघितलं. कुणीतरी मागून म्हणालं, "आता मालकीणच तमाशा बघनार व्हय?" मी मान वळवली तसा गप्प झाला.

जन्मभर मी फड मागून बघितला. वेण्या, पाठी, घामेजलेले खांदे, बत्तीच्या मागची काळोखी बाजू. काल पहिल्यांदा समोरून बघितला. चेहरे बघितले. गेणभाऊ इतका हसवतो हे मला माहीतच नव्हतं. मागून त्याची फक्त पाठ हलताना दिसते. गवळण झाली आणि भागू पुढं आली. तिनं सूर लावला तेव्हा माझ्या शेजारच्या पाटलाची तपकिरीची चिमूट नाकापर्यंत गेलीच नाही. वर, आणखी वर, आणि तिथं तिनं तो सूर असा धरून ठेवला की मैदानात कुणी हललं नाही. मग जो गलका उठला तो शिवनेरीवर ऐकू गेला असणार. टोप्या उडाल्या. चार वेळा तेच कडवं गाऊन घेतलं लोकांनी. मी खुर्चीवरून उठले नाही, कुणाला ओरडले नाही, आणि तरी खेळ शेवटपर्यंत बिनचूक गेला.

सरूबाई उठून माझ्याकडं आली. तिला यावंच लागलं. "अंबाबाई, खरं सांग, घशाला काय दिलंस?"

"बंगला," मी म्हटलं. "समुद्राकाठचा. पण निवडता आला पाहिजे."

आज सकाळी भाकरी खाताना भागूला सांगून टाकलं, की पुढल्या पावसाळ्याच्या शेवटी पुन्हा तेच घर, महिनाभर, आणि चांदभाईंकडं तसा निरोपही गेला. माझं म्हणाल तर मला त्या समुद्राचं काही नाही, मी कुठंही राहीन. पण पोरीचा गळा राखायचा तर एवढं मला करावंच लागणार.

भागू चुलीकडं तोंड करून बसली होती. म्हणाली, "व्हय मावशे. दर साली न्यावं लागंल मला."

आवाज खणखणीत होता.